धावपट्टीवरचे टायर

धावपट्टीवर टायरांच्या रांगा दिसल्या तेव्हा काकूंचं डोकंच सणकलं. नऊशे मीटरची ती पट्टी त्या रोज सकाळी पायी तपासत. दगड, खिळा, मेलेला ससा, काही म्हणून नजरेतून सुटत नसे. गावाबाहेरच्या या लहान सरकारी विमानतळावर आठवड्याला जेमतेम चार विमानं उतरायची आणि नोकरीला माणूस एकच. गवत कापणं, इंधन भरणं, वायरलेसवर बोलणं, सगळं काकूंच्याच गळ्यात.

आज रविवारी पंचवीसेक माणसं तिथे टायर मांडत होती. कडेला रंगीबेरंगी गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यामध्ये छातीवर बिल्ला लावून मिरवत होते काकूंचे धाकटे दीर. हा तळ ज्या खात्याकडे होता, त्या खात्यातले अधिकारी.

"वहिनी, आज गाड्यांची शर्यत आहे. तुम्ही घरी जा, आराम करा."

"तळ बंद ठेवायचा लेखी आदेश कुठाय?"

"वरून फोन आलाय ना."

"तुमचा फोन आकाशात ऐकू जातो का, भाऊजी? बंद ठेवायचं तर विमानवाल्यांना आधी कळवावं लागतं. कळवलंय?"

"इथे कोण येतंय कडमडायला!" दीर हसले.

तेवढ्यात खोलीतला वायरलेस खरखरला. काकू धावल्या. एका मुलीचा आवाज होता, जरासा कापरा. विमान चालवायला शिकत होती. एकटीनं लांबचा पल्ला मारायची पहिलीच खेप. इथे उतरून, इंधन घेऊन पुढे जायचं होतं.

"पट्टीवर अडथळा आहे. मी सांगेपर्यंत उतरायचं नाही," काकू म्हणाल्या. "इंधन किती वेळचं आहे?"

"तासाभराचं."

"मग घाबरायचं काय त्यात! वर निवांत फेऱ्या मार. वाट मोकळी करते."

त्यांनी गवत कापायचा ट्रॅक्टर काढला, टायरांना दोर बांधला आणि पहिली रांग फरफटत गवतात नेऊन टाकली. दीर लाल होऊन आडवे आले.

"वहिनी, नोकरी जाईल तुमची!"

"ऑफिसात मी कुणाची वहिनी नाही. आणि नोकरी गेली तर दिवसभर घरीच असेन, तुम्हालाच जड जाईल. व्हा बाजूला!"

डोक्यावर इंजिनाची घरघर आली. सगळ्यांनी माना वर केल्या. पांढरं, एवढंसं विमान गोल फिरत होतं. शर्यतीतल्या एका ड्रायव्हरनं हेल्मेट खाली ठेवलं आणि एक टायर उचलला. मग दुसऱ्यानं. दीर तेवढे बिल्ला चाचपत उभे राहिले.

पट्टी रिकामी झाल्यावरही काकू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. मगच वायरलेसवर म्हणाल्या, "ये, बाळा."

विमान दोनदा उसळलं आणि टेकलं. मुलगी खाली उतरली. काकूंनी तिला पाणी दिलं, टाकी भरली, नोंदवहीत सही घेतली. काम चोख.

शर्यत झाली नाही. आठवड्यानं खात्याचं पत्र आलं: वरिष्ठांची आज्ञा मोडल्याबद्दल खुलासा करावा. दीर स्वतःच घेऊन आले.

"माफी मागा, मिटवून टाकतो," ते हळूच म्हणाले.

काकूंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि त्यांच्यासमोरच लिहिलं, 'लेखी आदेश नव्हता. विमान आलं होतं. पुन्हा असं झालं तर पुन्हा असंच करीन.'

"घ्या," त्या म्हणाल्या, "आणि पोच द्या मला. सहीनिशी."