पोर्ट ॲडलरच्या खेचराला वाचवताना

मी क्लायड बोलतोय. पोर्ट ॲडलर हायस्कूलचं खेचर. खरं तर क्लायडनं तोंड उघडायचं नाही असा आमच्या गावचा नियम आहे. पण तो नियम माझ्या आत शिरणाऱ्याला. मी स्वतः बोलावं की नाही, हे आजवर कुणी ठरवलेलं नाही.

खरं खेचर घोडीच्या पोटी येतं आणि बाप गाढव असतो. माझी आई घोंगडी आणि बाप पीचची टोपली. ओहायोतल्या आमच्या गावातून जुना कालवा जातो. त्यातल्या मालाच्या होड्या एके काळी काठावरून चालणारी खेचरं ओढायची. म्हणून शाळेच्या फुटबॉल संघाचं नाव 'खेचरं', आणि मी त्यांचा शुभंकर, म्हणजे आत माणूस शिरून नाचतो तो पोशाख.

मला घडवलं मार्लिस बीचरनं, शाळेतल्या शिवणाच्या तासाला. टोपलीचं डोकं, करड्या घोंगड्यांचं अंग, आणि कान ताठ राहावेत म्हणून त्यांत आजीच्या कंबर आवळायच्या जुन्या कॉर्सेटच्या ताठ पट्ट्या. डावा कान तिरका बसला. बाई म्हणाल्या, "उसव आणि पुन्हा लाव." मार्लिस म्हणाली, "बाई, सामना आज आहे." तेव्हापासून माझा एक कान मैदानाकडे असतो आणि दुसरा सॉसेजच्या गाडीकडे.

सामने शुक्रवारी, म्हणून माझे सगळे शुक्रवार मैदानावर गेले. तिथं मी माणसं पाहिली. घरात कुणाला जवळ न घेणारे बाप मला येऊन मिठी मारत. हरल्यावर धिप्पाड पोरं माझ्या मानेत तोंड खुपसून रडत आणि दुसऱ्या दिवशी म्हणत, "धूळ गेली होती डोळ्यांत." मी ऐकून घेई.

आमचा एक रिवाज आहे. माझ्या आत कोण आहे, हे वर्षभर कुणाला कळता कामा नये. जुना क्लायड नवा क्लायड निवडतो आणि माझ्या कपाटाची किल्ली गुपचूप त्याच्या हातात ठेवतो. मे महिन्यात, शाळेच्या निरोप समारंभात, एक जण माझे खूर पायात घालून मंचावर चढतो, तेव्हा कुठं गावाला उलगडा होतो. मग आया ओरडतात, "अगं बाई, हा आमचा?"

पुढे गावात मुलं कमी झाली. पोर्ट ॲडलर आणि शेजारचं ब्रायर्सव्हिल, दोन्ही शाळा मिळून एक होणार असं ठरलं. ब्रायर्सव्हिल म्हणजे आमचे सात पिढ्यांचे वैरी. त्यांची काही मुलं आधीच आमच्याकडे शिकायला येऊ लागली होती. नव्या शाळेचं नाव नवं, रंग नवे, आणि शुभंकर मुलं मतदानानं निवडणार.

झालं! माजी विद्यार्थी संघ पेटून उठला. सगळ्यांत पुढे ब्रिटा क्रेमर. पोरगी बॉस्टनला शिकून नुकतीच गावी परतली होती. तिनं घराघरासमोर 'क्लायड वाचवा' असे फलक रोवले. "शाळा जाईल, पण आपली खूण गेली तर आपण कोण?" असं ती किराण्याच्या दुकानात भाजी घेतानाही विचारायची. मला तिचा अभिमान वाटे. आपल्यासाठी कुणी इतकं तळमळतंय म्हटल्यावर खेचरालाही बरं वाटतं.

पण तळमळीच्या भरात घोटाळा झाला. नवी मंडळी मला कचऱ्यात टाकतील, अशी ब्रिटाला धास्ती. शिवाय माझ्या पाठीला कसर लागलेली. बॉस्टनच्या संग्रहालयात लोकरी वस्तू गोठवून कसर मारतात, हे तिनं पाहिलं होतं. संघाचे अध्यक्ष गॉर्डी हफमन म्हणजे शाळेचे जुने प्रशिक्षक. त्यांच्याकडे सगळ्या कपाटांच्या किल्ल्या. आमच्या मैदानावर शाळेचा अखेरचा सामना होता, त्या आठवड्यात दोघांनी मला उचललं आणि चर्चच्या सभागृहातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवलं. खाली हरणाच्या तंगड्या, वर वाटाण्याच्या पिशव्या, मधे मी.

शुक्रवारी दुपारी त्याच सभागृहात माजी विद्यार्थी संघाचं जेवण होतं. मी झाकणाखाली होतो, पण कान खेचराचे. सगळं ऐकू येत होतं.

"काचेचं कपाट बँकेच्या दाराशी बसेल," ब्रिटा सांगत होती. "आत दिवा, हवा कोरडी. क्लायड आणखी शंभर वर्षं टिकेल."

"आणि आजच्या सामन्याला?" एकानं विचारलं.

"नाही. यापुढे त्याला कुणी अंगावर घालायचं नाही. घामानं कापड कुजतं."

वाटाण्याच्या पिशव्यांनी गोठलो नव्हतो, तेवढा मी त्या वाक्यानं गोठलो. शंभर वर्षं! उजेडात, कोरडा, आणि आत कुणीच नाही.

तेवढ्यात दार वाजलं. "क्लायड कुठंय?" एका मुलीचा आवाज.

"सुखरूप आहे," गॉर्डी म्हणाले. "तू कोण गं?"

"टेसा ओकोन्स्की."

"ब्रायर्सव्हिलच्या टायरवाल्याची! बघा, म्हटलं नव्हतं? आले चोरायला!"

"चोरलात तुम्ही!" मुलीचा आवाज चिरकला. "मी सोमवारपासून शोधतेय. कपाट उघडलं तर रिकामं. सांगणार कुणाला? तुम्ही शाळेत नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

टेबलावर किल्ली खणकली.

"मी क्लायड आहे," टेसा म्हणाली, आणि रडायलाच लागली. "झालं समाधान? सांगून टाकलं. आजवर एकाही क्लायडनं सांगितलं नव्हतं."

माझ्या बचावाची एवढी मोठी समिती, पण आत कोण आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं. रिवाजच तसा. मग तिला विचारणार कोण?

"आपल्या खेचरात ब्रायर्सव्हिल?" कुणीतरी पुटपुटलं.

"गप रे!" हा आवाज मी कुठंही ओळखला असता. मार्लिस. आता पिकलेली, काठी टेकणारी. "गॉर्डी, तू आत होतास तेव्हा तुझ्या त्या बदकासारख्या चालीवरून सगळ्या गावानं तुला ओळखलं होतं. बोललं का कुणी?"

"ओळखलं होतं?" गॉर्डी दुखावलेच.

"पहिल्याच सामन्यात. पण गाव गप्प बसलं. या पोरीनंही आठवडाभर तोंड मिटून धरलं. आपल्यात उरलेला रिवाज तो एवढाच, आणि तो आपण आज हिच्याकडून मोडून घेतला."

"पण मार्लिसकाकू, तो फाटेल हो!" ब्रिटा कळवळून म्हणाली. "एकदा फाटला की संपलं."

"माझे आई, त्याला मी घालायला शिवलं होतं. बघायला नव्हे."

खुर्ची सरकली. मग पावलं जवळ आली. झाकणावर हात पडला आणि तसाच राहिला. त्या हाताखाली माझं सगळं भवितव्य होतं. ब्रिटानं महिनाभर ज्या कपाटाच्या वर्गणीसाठी दारोदार वणवण केली, ते एका बाजूला, आणि नाक पुसणारी एक मुलगी दुसऱ्या बाजूला.

"फार गार असेल," ब्रिटा हळूच म्हणाली.

"चालेल," टेसा म्हणाली.

झाकण उघडलं.

मला गॉर्डींच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून हीटर पूर्ण सोडला. तरी मैदानावर पोचलो तेव्हा एक पाय लाकडासारखा ताठ होता आणि अंगाला हरणाचा वास येत होता. टेसाचे दात आत कडकडा वाजत होते. पण बँड वाजू लागल्यावर ती अशी नाचली, की बर्फ माझ्या पोटातून विरघळून तिच्या बुटांत उतरलं.

सामना आम्ही सणसणीत हरलो. एव्हाना आत कोण आहे ते दोन्ही गावांना ठाऊक झालं होतं. तरी एकानंही तिला नावानं हाक मारली नाही. तिचा बाप कुंपणापाशी येऊन म्हणाला, "छान नाचलास, क्लायड." गॉर्डी समोर आले, घसा खाकरला, टोपी काढली आणि म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी भेटू, क्लायड." पुढचा शुक्रवार नव्हताच. हे त्यांनाही माहीत होतं. टेसानं नुसती मान हलवली.

मतदानात मी हरलो. नव्या शाळेचा शुभंकर ससाणा आहे. चकचकीत, हवा भरायचा. पोरांनी पोरांचं निवडलं. थोडं लागलं मनाला, पण राग नाही. ब्रिटानं काचेचं कपाट परत पाठवलं. मी आता गावाचा आहे. मिरवणूक असो, वाढदिवस असो, कालव्याकाठची सफाई असो, ज्याला हवा त्यानं मला घालून जावं. ब्रायर्सव्हिलवालेही नेतात, आणि आणून देताना धुऊन देतात.

गेल्या शनिवारी भोपळ्यांच्या जत्रेत पोत्यांच्या शर्यतीत आपटलो. माझा गुडघा फाटला आणि आतल्याचा खरा, खरचटलेला गुडघा बाहेर डोकावला. ब्रिटा धावत आली. मला वाटलं, आता ही किंचाळणार. तिनं त्या गुडघ्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "ऊठ, अजून शर्यत संपली नाहीये."

म्हणून खूर जोडून सांगतो, ज्या गोष्टीवर तुमचा जीव आहे, ती पोरांच्या अंगावर घाला. जाईल एक दिवस विरून. जाऊ दे. शर्यतीत आम्ही शेवटून पहिले आलो, आणि लोक उभे राहून ओरडत होते.