कोकरासारखा जपलेला कॉम्प्युटर

ही गोष्ट २०२२ सालच्या डिसेंबरातली. त्या वर्षी खोडदला थंडी लवकर उतरली होती आणि माझ्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या नातीने, सुप्रियाने, तो उन्हाळ्यात आणून मांडला होता. "आजी, आता वेळ कसा घालवायचा हा प्रश्न तुला पडणार नाही," ती म्हणाली होती. खरंच पडला नाही. तो चालू करण्यातच माझे दिवस जाऊ लागले.

त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या थोरल्या नणंदेच्या, तुकावन्संच्या ओव्या होत्या. आमची धनगराची घरं. मी शिकून गावातच शाळामास्तरीण झाले, वन्सं मात्र जन्मभर मेंढरांमागे चालल्या. चालताना त्या ज्या ओव्या म्हणत, त्या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. दिवाळीआधी त्यांना माझ्या खोलीत बसवून मी सगळ्या रेकॉर्ड केल्या. पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही, हेही सांगितलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि थेट माझ्याकडे आल्या.

"हिरे, माजा आवाज तुज्या डब्यात हाय न्हवं? त्यो एकदा ऐकीव. ऐकल्याबिगर मी दवाखान्याची पायरी चढायची न्हाई."

"आत्ता ऐकवते की," म्हणत मी रुबाबात बटण दाबलं.

दिवा लागला. पडद्यावर गोल बराच वेळ फिरत राहिला. मग सगळं निळं झालं, त्यावर एक रडवं तोंड उमटलं आणि खाली इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी चष्मा शोधला. तो माझ्याच डोक्यावर सापडेपर्यंत पडदा काळा झाला होता.

"ह्योच का माजा आवाज?" वन्संनी विचारलं.

आता इथे घोंगडीचं सांगायला हवं. आमच्या गावात यंत्राला उघडं ठेवायची पद्धत नाही. टीव्हीला विणलेला रुमाल असतो, मिक्सरला शिवलेलं झबलं असतं. मी तर घोंगडीत वाढलेली. लहानपणी आमचा कळप कोकणात उतरायचा तेव्हा वाटेत जन्मलेलं कोकरू घोंगडीत गुंडाळून घोड्यावर बांधत, आणि रात्री ते माझ्या कुशीत देत. तो ओल्या लोकरीचा वास अजून नाकात आहे. म्हणून थंडी पडल्याबरोबर मी कॉम्प्युटरचा डबा वन्संनीच दिलेल्या घोंगडीत गुंडाळला आणि वरून नाडा बांधला. बटण आणि वायरी तेवढ्या बाहेर ठेवल्या. तेवढी अक्कल होती.

वन्संचा मुलगा जालिंदर विहिरींवरच्या मोटारी भरतो, म्हणजे जळलेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून देतो. त्याने येऊन डब्याला कान लावला.

"मामी, व्होल्टेज न्हाई. मोटारपण अशीच करती." त्याने स्टॅबिलायझर आणून जोडला. पुन्हा निळं. "मग अँटिनाच्या लाटा असत्याल राव!"

मी हसले. आमच्या गावाजवळ रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या अँटिना आहेत. नोकरीत असताना दर विज्ञान दिनाला मुलांना त्या दाखवायला नेऊन सांगायचे, की दुर्बीण आकाशातलं नुसतं ऐकते, काही सोडत नाही. हे जालिंदरलाही ऐकवलं. तो गेला, आणि मी हळूच उठून डब्याची पाठ खिडकीकडून फिरवून भिंतीला टेकवली. असू दे आपलं.

दुसऱ्या दिवशी जालिंदरच्या मोटारसायकलवरून आम्ही जुन्नर गाठलं. घोंगडीला तेलकट डाग पडतील म्हणून ती घरी ठेवली आणि डबा जुन्या लुगड्यात बांधून मांडीवर घेतला. वाटेत कुणीतरी ओरडून विचारलंसुद्धा, "बाई, देव बसवायचाय का?"

बाजारपेठेत सुदर्शनचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो चौथीत माझ्या हाताखाली होता. त्याने बटण दाबलं आणि कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालू झाला.

"बाई, ह्याला काहीच झालेलं नाही. तरी आतल्या ओव्या पेनड्राइव्हवर काढून देऊ का?"

"कशाला? चालतोय की," मी म्हणाले. वन्संचा आवाज भर बाजारात कुणाच्या हाती द्यायला मन होईना. घरी आले. वाटेत वारा लागला असेल म्हणून घोंगडी दुहेरी गुंडाळली, डबा भिंतीला टेकवला आणि बटण दाबलं. गोल बराच वेळ फिरला आणि पुन्हा रडवं तोंड!

पुन्हा जुन्नर, पुन्हा तेच. सुदर्शनने हात जोडले. "बाई, हा तुम्हाला घाबरतो. आम्हीपण वर्गाबाहेर घडाघडा म्हणायचो आणि तुमच्यासमोर अडखळायचो."

पेनड्राइव्हचं त्याने परत विचारलं. मी परत नाही म्हणाले. माणूस शिकलेला असला की असा घट्ट होतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वन्सं माझ्या खोलीत येऊन बसल्या. जालिंदर दारात उभा होता.

"आये, सकाळची गाडी सांगितलीय. पिशवी भर की."

"आवाज दाव, मंग भरते."

दुपारपासून माझी खटपट चालूच होती. देवाचं नाव घेऊन पुन्हा बटण दाबलं. गोल फिरला, निळं झालं. वन्सं गारठून गेल्या होत्या. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे.

"मला हितं हुडहुडी भरलीया आन ह्यो मुडदा माज्याच घोंगडीत! सोड ती."

"वन्सं, त्याला थंडी..."

"त्याला काय दात हायेत वाजायला?"

त्यांनी नाडा ओढला, घोंगडी काढली आणि अंगावर घेतली. मग चमकून म्हणाल्या, "लई ऊबदार लागतीय गं. चुलीपाशी ठिवली व्हतीस का?"

जालिंदरने डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "मामी! मोटारीला गोधडी बांधून कोण चालवतं का?"

त्याने बाजूचा पत्रा उघडला. आतल्या पंख्याला काळी लोकर अशी चिकटली होती की डब्यात मेंढरू व्यालंय असं वाटावं. त्याने लोकर काढली, डबा भिंतीपासून ओढला, आणि तो निवेपर्यंत आम्ही चहा घेतला. मग बटण मी दाबलं नाही. वन्संना दाबायला लावलं.

कॉम्प्युटर चालू झाला. वन्सं डोळे मिटून सगळ्या ओव्या ऐकत राहिल्या. संपल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "ही बाय मधीच लई घाई करती." आणि मग, "जालिंदर, पिशवी कुटं हाय?"

ऑपरेशन नीट झालं. वन्संचा आवाज जाड झाला. ओव्या आता होत नाहीत, पण मला रागवायला तो पुरतो. दर अमावास्येला त्या येतात, ओव्या ऐकतात आणि गाणारीच्या चुका काढतात. जालिंदरने त्याच रात्री ओव्या मोबाइलवर घेतल्या, मला न विचारता. सुदर्शन म्हातारं गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, घरी कॉम्प्युटरला पांघरूण घालता का? सुप्रिया फोनवर इतकी हसली की शेवटी मीच फोन ठेवला. घोंगडी वन्संनी परत दिली नाही.

कॉम्प्युटर हल्ली उघडाच बसतो आणि सुरळीत चालतो. थंडी वाढली की माझा हात अजून शालीकडे जातो. मग त्याच्याकडे पाठ करून ती मी स्वतःच गुंडाळून घेते.