फ्लेक्सवरची सत्तावीस पोरं

ओ, मोबाईलमधी काय बघताय? वर बघा, मी बोलतोय! बोईसरच्या नाक्यावरचा फ्लेक्स. दहा फूट बाय आठ, वाढदिवसाचा.

मधोमध बबलूभाई. डोळ्यावर गॉगल, कानाला फोन, बाजूला वाघ. त्या बिचाऱ्या वाघाला कुणी विचारलं पण नव्हतं. आन् भाईच्या पोटाखाली तीन रांगांत सत्तावीस पोरांचे बारके फोटो, शुभेच्छुक म्हणून.

खरी गंमत त्या बारक्या फोटोंची. कुंभवलीच्या चाळीतला ज्ञानेश घ्या, खालच्या रांगेत चौथा. वय सतरा. बाप कंपनीत शिफ्टला, घरी असला तर झोपलेला. शाळेत मास्तर हाक मारायचे, "ए शेवटचा बाक!" आन् माझ्यावर छापलं, 'ज्ञानेशदादा'. जल्मात पैल्यांदा कुणी दादा म्हटलं, ते पण रंगीत! दिवसातून चारदा यायचा, स्वतःला बघून भांग नीट करून जायचा. एवढ्यावर गडी भाईच्या बाइकवर मागं बसायला लागला.

लोक म्हणतात, पोरं कोयत्यासाठी टोळीत जातात. नाय ओ! चार इंच फोटोसाठी जातात.

भाईनं कोयत्यानंच केक कापला. चार दिवसांनी त्याच कोयत्यानं दांडी गावच्या अंकुशचा हात फाडला. अंकुश वाचला, टाके बारा. ज्ञानेश बाइकवर बसून सगळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी भाई सगळी पोरं घेऊन माझ्या खाली आला. ज्ञानेशच्या गळ्यात हात टाकला.

"पोलीस येतील. तू सांगायचं, कोयता मी मारला. तू अठराच्या आत, तुला काय होत नाय."

"पण भाई, मी तर बाइकवर बसलेलो."

"आरं, पुढच्या फ्लेक्सवर तुझा फोटो माझ्या बाजूला. वाघाच्या जागी!"

ज्ञानेश माझ्याकडं बघायला लागला. खरं सांगतो, पोरगं हललं होतं. वाघाची जागा म्हणजे चेष्टा हाय काय?

तेवढ्यात त्याची आई आली, साखरबाई, शेजारच्या गोजराबाईला घेऊन. बाईला वाचता येत नाय. तिला वाटलेलं, पोराला बक्षीस लागलं.

"त्यो बघा माझा, चौथा! सरकारनंच लावला असंल." लेक खाली गर्दीत उभा, आन् ही मला बघून कानशिलावर कडाकडा बोटं मोडतेय. "दृष्ट नको लागायला लेकराला."

बाया गेल्या. ज्ञानेशचं तोंड एवढंसं झालं. मग गड्यानं पेरूवाल्याच्या गाडीवरचा चाकू उचलला, बाइकच्या सीटवर चढला आन् कराकरा स्वतःचा फोटो कापून काढला. मला दुखलं? छे, गुदगुल्या झाल्या!

"खाली उतर, तंगडी तोडीन!" भाई बोंबलला.

"तोड. पण माझी आई हितं बोटं मोडून गेली, भाई. मी खोटा गुन्हा नावावर घेणार नाय."

आता मारामारी होणार, म्हणून मी दोऱ्या घट्ट धरल्या. तर मागून धीरज, वरच्या रांगेतला दुसरा, हळूच बोलला, "भाई, मी पण सतराच हाय. आता माझी बारी काय?"

भाई गॉगल पुसायला लागला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. धीरजनं चाकू मागितला. मग काय, लाइनच लागली! पेरूवाला ओरडतोय, "अरे भाई लोग, मेरा चाकू!" ऐकतंय कोण? भाईनं गुपचूप बाइकला किक मारली.

ज्ञानेश तसाच आईला घेऊन पोलीस स्टेशनला गेला. जे बघितलं ते सांगितलं. भाई आता आत हाय. साखरबाईला सगळं कळलं, तेव्हा तिनं आधी लेकाला दोन ठेवून दिल्या, मग तो कापलेला फोटो पदरानं पुसून देवाजवळ ठेवला.

गेल्या आठवड्यात एक नवा भाई आला, नव्या फ्लेक्ससाठी फोटो मागत. पोरांनी नुसतं माझ्याकडं बोट केलं. सत्तावीस भोकं आन् मधी एकटा गॉगलवाला. नवा भाई बघत राह्यला, मग बाइक वळवून गेला. मी असा फडफडलो, असा फडफडलो!

पोरांनो, एकच सांगतो. तुमचं तोंड कुणाच्या पोटाखाली छापू देऊ नका.

उद्या ग्रामपंचायतीची गाडी मला न्यायला येणार हाय. येऊ दे की. गुंडाळला जाईल तो भाई आन् त्याचा वाघ. पोरं कधीच उतरून गेलीत.