सासऱ्यांचा स्पॉयलर

गाडीला हवा पुढून अडवते असं सगळ्यांना वाटतं. खरी ओढाताण मागे चालते. टपावरून उतरलेली हवा तिथे भोवरे करते आणि गाडीला मागे खेचते. हे भोवरे कमी व्हावेत म्हणून मी तीन वर्षं मातीच्या नमुन्यावर गाडीचा मागचा भाग घासला, निमुळता करत आणला आणि नेमक्या जागी सरळ कापला. ही शेपूट गाडीवर जशीच्या तशी राहावी, एवढंच मला हवं होतं.

पण डिझाइन विभागाचे प्रमुख म्हणजे माझे सासरे. त्यांनी शेपटीवर हातभर उंच स्पॉयलर, म्हणजे आडवी फळी, ठोकला. शोभा येते म्हणाले. गाडीवर वारा सोडून चाचणी घेतात त्या विंड टनेलमध्ये मागच्या काचेवर चिकटवलेले लोकरीचे धागे, एरवी शहाण्यासारखे सरळ पडून राहणारे, सैरावैरा नाचायला लागले. हवा गाडीला किती अडवते त्याचा आकडा, जो कमी हवा, तो वाढला. सासऱ्यांच्या मते दोष पंख्यात होता. मग संचालकांसमोर पुन्हा चाचणी ठरली. आकडा सुधारला तर स्पॉयलर राहणार, नाहीतर निघणार. मी निर्धास्त होतो.

टनेलमध्ये पाहुण्यांनी बघायची काच वारा येतो त्या बाजूला आहे. तिथून गाडीचं फक्त नाक दिसतं. संचालकांना स्पॉयलर दिसावा म्हणून सासऱ्यांनी सकाळीच गाडी फिरवून उभी करवली. मी पोचलो तेव्हा वारा सुटला होता, आणि आकडा आला तो कंपनीत आजवर कुणी पाहिला नव्हता इतका कमी. बोनेटचा उतार आता मागे होता आणि शेपटीचं काम झकास करत होता. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

"जावईबापू, अहवालावर सही करा," सासरे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "आकडा खरा आहे. फक्त गाडी रिव्हर्समध्ये चालवावी लागेल."

सासरे छताकडे बघू लागले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग मुख्य संचालकांनी घसा खाकरून विचारलं की दिवे आणि स्टिअरिंग या बाजूला आणायला किती दिवस लागतील. दोन महिने, सासरे म्हणाले. स्पॉयलरमुळे ड्रायव्हरला रस्ता दिसणार नाही, असं मी सांगितलं, तेव्हा त्यात खिडकी पाडायचं ठरलं.

तीन वर्षांची माझी शेपूट गाडीचं तोंड झाली. मला अक्षरशः रडू आलं. तरी सही केली. गाडी आता त्याच बाजूनं धावणार म्हटल्यावर आकड्याला हरकत घ्यायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.