वळूचं इंजेक्शन

तांड्यावर किसनसिंगच्या वळूचा मान नायकाच्या बरोबरीचा होता. पण गेलं वर्षभर गायी त्याच्याकडे नेल्या जात आणि पुन्हा माजावर येत. एकही गाभण राहत नव्हती. वळू मात्र फुगत चाललेला, मान ही एवढी, अंगात नुसती मस्ती. लोक गायींनाच नावं ठेवत. ठेवणारच, दोष कुणाला द्यायचा हे आपल्याकडे आधीच ठरलेलं असतं.

त्याच घरात सून संगीता. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सासू मानीबाईनं तिला कायमची माहेरी धाडायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी संध्याकाळी नायकाच्या ओट्यावर बैठक होती. किसनसिंगचा सुनेवर जीव. "मी हावो ना, पोरी," असं त्यानं तिला सकाळीच सांगितलं होतं.

दुपारी वळू बघायला जनावरांच्या डॉक्टर मेहनाज आल्या. त्यांनी वळूला मागून चाचपलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वृषणं तर सुकलीत याची. कसलं इंजेक्शन दिलं?"

दावं धरून संगीताचा नवरा जीवन उभा होता. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पुसदच्या जिममधून तो लग्नाआधीपासून स्वतःला टोचायला ताकदीची इंजेक्शनं आणायचा. तीच त्यानं वळूलाही टोचली होती.

"सांड जोरात राहावा म्हून," तो पुटपुटला.

"ते नराचं हार्मोन आहे. रक्तात ते किती आहे यावर मेंदूची नजर असते. कमी पडलं की मेंदू वृषणांना कामाला लावतो. तुम्ही बाहेरून भरत राहिलात, तर त्याला वाटतं भरपूर आहे. टाकी भरली की मोटार बंद करता ना, तसं. मग वृषणं सुकतात, बीज बनत नाही. जोर दिसतो तो वरवरचा."

"आता?" किसनसिंगनं विचारलं.

"इंजेक्शन बंद करा. काही महिन्यांत सुधारेल, पण खात्री नाही."

"थांबू मंग. जनावराले वेळ द्याच लागते."

संगीता हात धुवायला पाणी घेऊन आली होती. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, हे औषध माणसाले बी असंच करते काय?"

"करतं ना. भरतीची कितीतरी पोरं फसतात."

जीवनचं तोंड उतरलं. मानीबाईनं सुनेच्या हातातली बादली ओढून घेतली. "चाल, भाकरी टाक."

संध्याकाळी बैठकीत संगीतानं सगळं सरळ सांगून टाकलं. माणसं खो खो हसली. "सांडाचं माणसाले लावून राह्यली," कुणीतरी म्हणालं.

"तू घेतलं काय रे इंजेक्शन?" नायक बाबूसिंगनं जीवनला विचारलं.

"नाही."

नायक तसा सरळ माणूस. तो किसनसिंगकडे वळला. "तू तं तिथंच होता. डॉक्टरीण माणसाचं बी बोल्ली काय?"

संगीतानं सासऱ्याकडे पाहिलं. एक 'होय' म्हणायला काय लागतं, सांगा. पण भर तांड्यात पोराच्या मर्दपणावर बोट ठेवायचं, म्हणजे किसनसिंगला मरण होतं.

"ते सांडाचंच बोल्ली," तो म्हणाला.

संगीताला न्यायला तिचा भाऊ राजकुमार मोटरसायकल घेऊन आलाच होता. निघताना ती रीतीप्रमाणे सासऱ्याच्या पाया पडली. किसनसिंगला रडू फुटत होतं. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि आयुष्यभराच्या सवयीनं तोंडातून निघालं, "लेकुरवाळी हो, पोरी."