शब्दकोड्यासमोरचं पान

*आडवे १. आपल्याच तोंडात असतात, तरी मालकी दुसराच सांगतो. (दोन अक्षरी)*

सकाळी ऑफिसात संगणक उघडला आणि मधलीला पडद्यावर स्वतःचे दात दिसले.

आधी ते तिला कळलंच नाही. जाहिरातीचं पान होतं, नेहमीसारखंच. डावीकडे एक तोंड, उजवीकडे एक तोंड, दोन्ही नाकाखाली आणि हनुवटीवर कापलेली. डावीकडचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले, बसमध्ये जागा धरायला धावल्यासारखे. उजवीकडचे सरळ रांगेत, शाळेच्या फोटोला उभे केल्यासारखे. वर ओळ होती, ‘विमानाने या, हसत जा!’ आणि खाली दवाखान्याचं नाव. ते नाव वाचलं आणि तिने डावीकडच्या ओठाचा कोपरा नीट पाहिला. तिथे तीळ होता. तिचा हात आपल्या ओठाशी गेला.

तिथेही होताच.

मधली म्हणजे तिघी बहिणींतली मधली. घरात चिकटलेलं नाव पुढे कामावरही आलं. लहान गावांमधून उडणाऱ्या लहान विमानांत पुढच्या सीटच्या खिशात जे मासिक खोचलेलं असतं, त्यातली पानं जाहिरातींना विकणं हे तिचं काम. आणि दवाखाना नवऱ्याचा. म्हणजे होता तो नवरा. गेल्या वर्षी दोघं वेगळे झाले.

दातांचा डॉक्टर. लग्न झालं तेव्हा दवाखाना नवा होता, पेशंट फिरकत नव्हते, घरात बायको होती आणि बायकोचे दात वाकडे होते. त्याने तिलाच खुर्चीत बसवलं आणि तारा लावल्या. हौस म्हणा, हात बसावा म्हणून म्हणा. तेव्हापासून तो तिच्याशी बोलायचा ते दातांकडे बघून. भांडतानाही. ती रडत असली तरी साहेबांची नजर खालच्या जबड्यावर.

*उभे २. कुणाचाच नसतो, तरी सगळे त्याच नावाने हाक मारतात. (दोन अक्षरी)*

मासिकाच्या मालकाला सगळे काका म्हणत.

“काका, हे पान घ्यायचं नाही.”

“का? दारूचं आहे?”

“दातांचं.”

“मग? दात कधी कायद्याबाहेर गेले?”

“हे तोंड माझं आहे.”

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे.

“हस बघू.”

“काका!”

“अगं, खात्री नको करायला?”

ती हसली नाही. पण रागाने ओठ मागे गेले, तेवढ्यात काकांचं काम झालं.

“तुझंच आहे,” ते म्हणाले. “छान आलंय.”

आता आली का पंचाईत. आधीचा फोटो, नंतरचा फोटो अशी जाहिरात असली की पेशंटची संमती विचारायची, हा त्यांच्याकडचा नियम. आणि जो पानं विकतो त्यानेच ती विचारायची.

“मग विचार,” काका म्हणाले.

“कुणाला?”

“स्वतःला. चहा घे, खिडकीपाशी बस, विचार. आणि दुपारपर्यंत हो म्हण. कोड्यासमोरचं पान अजून रिकामं आहे.”

त्या पानाबद्दल सांगायलाच हवं. लहान विमानाचा प्रवास तो केवढा! फोन बंद, बाहेर ढग, शेजारी अनोळखी माणूस घोरतोय. लोक मासिक काढतात, गाद्यांवरून, प्लॉटवरून, वधुवर सूचक मंडळावरून बोट फिरवत शब्दकोड्यावर येतात आणि तिथेच विमान उतरेपर्यंत थांबतात. म्हणून कोड्यासमोरचं पान सगळ्यांत मौल्यवान. पण त्यालाही एक खोड होती. अंक संपला की जुन्या प्रतींचे गठ्ठे ऑफिसात येत आणि ते चाळणं मधलीकडे असे. त्या पानावर एका वकिलाला शिंगं फुटली होती. एका क्लासवाल्या बाईंना दाढी आली होती, चांगली छातीपर्यंत. ज्याच्या हातात पेन आहे आणि ज्याला शब्द सुचत नाही, त्याच्यासमोर चेहरा ठेवू नये, एवढं तिला कळलं होतं. त्यामुळे तिथे पाण्याचे पंप जात, टाक्या जात, कपाटं जात. गिऱ्हाइकाला ती स्पष्ट सांगे: या पानावर माणूस नको.

“त्या पानावर चेहरा देत नाही आपण,” ती म्हणाली.

“चेहरा कुठाय? नुसतं तोंड आहे.”

“आणि पेशंट नाही म्हणाली तर?”

काकांनी चष्मा परत कपाळावर ढकलला. “तर तिथे ‘ही जागा आपली असू शकते’ असं छापावं लागेल. लोकांना वाटेल, यांचं काही चालत नाही. मग पानं विकायला माणूस कशाला ठेवलाय, हे मलाही वाटायला लागेल. मी काही म्हणत नाही. वाटेल, एवढंच.”

*आडवे ५. द्यायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं, असं म्हणतात. (तीन अक्षरी)*

दवाखान्यात पेशंट नव्हता. भिंतीवर चौकटीत तीच दोन तोंडं, डॉक्टरच्या पदवीच्या वर. डॉक्टर हात धूत होता.

“बस.”

“कुठे?”

“खुर्ची एकच आहे.”

पेशंटची. ती उभीच राहिली.

“फोटो काढून टाक.”

“कुठला?”

“नाटकं करू नकोस.”

“ते माझं काम आहे.”

“ते माझं तोंड आहे.”

“तोंड तुझं, काम माझं. गवंडी आपण बांधलेल्या घराचा फोटो दाखवतोच की.”

“घरात राहणाऱ्याला विचारून.”

“घर सोडून गेलेल्याला कोण विचारतं?”

नळ टपकत होता. तो तिने बंद केला, सवय.

“छापलं जाणार नाही. संमती लागते.”

“कुणाची?”

“माझी.”

“आणि ती विचारायची कुणी?”

“मीच.”

डॉक्टर मनापासून हसला. स्वतःचे दात त्याने कधी सरळ करून घेतले नव्हते. “म्हणजे चोरही तूच आणि पोलीसही तूच! मग नकोच देऊस. विमानतळावर सामान येतं ना त्या पट्ट्यावर, त्याच्या वरची भिंत मोकळी आहे. तिथे असलं काही विचारत नाहीत, मी चौकशी केलीय. भिंतभर लावतो. तुझी आई तुला भेटायला येईल तेव्हा बॅगेची वाट बघताबघता लेकीच्या दाढा मोजेल.”

मधलीच्या डोळ्यांसमोर ती भिंत उभी राहिली. खाली फिरणाऱ्या बॅगा, वर तिचं तोंड आणि बाजूला याचं नाव. सरकारी पाटीसारखं, एकदा लागलं की कोण काढतंय?

“एक अंक,” ती म्हणाली. “फक्त मासिकात.”

“जाहिरात चालली तर भिंत.”

“नाही चालली तर फोटो माझे. सगळे. तो भिंतीवरचाही.”

“कबूल. पण पान मला कोड्यासमोरचं.”

इथे मधली गप्प बसू शकली असती. बसायलाच हवं होतं, असं तिची धाकटी बहीण अजून म्हणते. पण रोज दहा जणांना सांगून जिभेला वळण पडलं होतं, आणि ज्या माणसाने आपलं तोंडसुद्धा लुबाडलं त्याच्यापायी आपलं काम खोटं करायचं, हे तिच्याने होईना.

“ते घेऊ नकोस,” ती म्हणाली. “लोक त्यावर पेन चालवतात. दात काळे करतात. सुरक्षेच्या सूचनांच्या शेजारचं घे, तिथे कुणी हात लावत नाही.”

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. म्हणजे तिच्या दातांकडे.

“वर्ष झालं, पण तू काही बदलली नाहीस. माझं चांगलं झालेलं तुला आजही बघवत नाही.”

“मी खरं सांगतेय.”

“सूचनांच्या शेजारी! म्हणजे कुणी बघायलाच नको. शिकलेली माणसं असतात विमानात. माझ्या कामावर रेघोट्या ओढतील?”

“माझ्या तोंडावर.”

“तेच पान,” डॉक्टर म्हणाला. “संमती देतेस की भिंत बघू?”

तिने दिली.

*उभे ८. हातात असलं की स्वस्थ बसू देत नाही. (दोन अक्षरी)*

अंक निघाला. पुढच्याच आठवड्यात मधलीला पंपवाल्याला भेटायला दुसऱ्या गावी जायचं होतं. विमानात खिडकीशी एक पोक्त बाई, मांडीवर पर्स, पर्सवर मासिक, हातात पेन.

“अगं, ‘वाऱ्याचा भाऊ’, तीन अक्षरी. येतंय का काही?”

“नाही हो मावशी.”

“मलाही नाही.” आणि मावशींचं पेन सहज, पदर सावरावा तितक्या सहज, समोरच्या पानावर गेलं. उजवीकडच्या तोंडातला पुढचा एक दात काळा झाला. मावशींनी मान मागे घेऊन पाहिलं. बरं वाटलं असावं. दुसरा केला.

मधलीने ओठ घट्ट मिटले.

“किती दात दाखवतेय बघ ही,” मावशी म्हणाल्या. “जसे काही हिच्या बापाने विकत घेऊन दिलेत.”

“नवऱ्याने,” मधली हातातल्या रुमालाआडून म्हणाली.

“तरीच! मी म्हणतेच आहे, हे हसू काही हिचं नाही. डोळे कापलेत म्हणून काय झालं? ओठ बघ ना. ‘हस’ म्हणून कुणीतरी डोक्यावर उभं आहे.” त्यांनी डावीकडच्या, वाकड्या दातांवर पेनाचं टोक टेकवलं, पण काळं केलं नाही. “ही बरी आहे. हिला कुणी हस म्हटलेलं नाही, ही आपली आपण हसतेय. हिला राहू दे.”

रुमालाआड मधलीला काय झालं ते तिलाच ठाऊक. अपमान होता, चांगला सणसणीत. कुणीतरी आपल्या तोंडावर आपलं तोंड रंगवत होतं. आणि तरी, त्या खुर्चीत तोंड वासून बसलेल्या सगळ्या दुपारींत कुणाला जे दिसलं नाही ते या बाईला दिसलं होतं. तिला मावशींचं पेन हिसकावून फेकावंसंही वाटलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. विमान उतरलं.

माणसं उतरून गेल्यावर ती मागे रेंगाळली आणि एकेका खिशातलं मासिक उघडत पुढे आली.

तिसरी रांग: वरचे सगळे काळे.

पाचवी: सुळे लांबवलेले, टोकाशी रक्ताचा थेंब, लाल पेनाने.

सहावी: तोंडात विडी.

नववी: ‘विमानाने या’ तसंच. ‘हसत जा’ खोडून ‘कवळी घेऊन जा’. अक्षर सुरेख.

डावीकडच्या तोंडाला मात्र फारसं कुणी छेडलं नव्हतं. तिथे काही करायला शिल्लकच नव्हतं, असं काका नंतर म्हणाले. काकांना तेवढंच कळायचं.

*आडवे ११. (हे कुणीतरी आधीच भरलंय, चुकीचं.)*

डॉक्टर ऑफिसात आला तो दार न ठोठावता. हातात मासिकं. मधलीच्या टेबलावर आपटली, पेनांचा डबा उलटला.

“वेटिंगमध्ये माणसं बसलेली असताना एक बाई हे पान घेऊन आत आली. म्हणते, डॉक्टर, आम्हाला असे काळे करून मिळतील का? सगळा हॉल हसला.”

“मग? ‘हसत जा’ म्हणूनच बोलावलं होतंस ना?”

काका खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले.

“तू केलंस हे.”

“मी सांगितलं होतं.”

“सांगितलंस म्हणूनच!” डॉक्टर ओरडला. “गप्प बसली असतीस तर मी दुसरं पान घेतलं असतं!”

म्हणजे त्याला म्हणायचं होतं की... काय म्हणायचं होतं ते त्यालाही पुढे सुधरेना. वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. काकांनी खोकणं थांबवलं.

“फोटो,” मधली म्हणाली आणि हात पुढे केला.

त्याने पिशवीतून भिंतीवरची चौकट काढली, टेबलावर टाकली. काच तडकली. मग एक पाकीट. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. कागद सुटला, आत प्लॅस्टरचा ठसा होता: तिचे जुने दात, वरचे आणि खालचे, पांढरे, एकमेकांच्या अंगावर चढलेले.

“हेही घे. कपाटात उगाच जागा अडते. पाकिटातले सोडून फोटो आणखी कुठे नाहीत. भिंतही नाही. मला नको ते तोंड.”

“कधी हवं होतं?”

तो दारापर्यंत गेला. वळला. आणि सवय कुठे जाते? नजर उतरली ती तिच्या जबड्यावरच.

“खालचा,” तो म्हणाला. आवाज एकदम पेशंटशी बोलण्याचा झाला. “मधल्याच्या शेजारचा. आत वळलाय.”

“माहितीये.”

“दातांना रात्रीची पट्टी लावत नाहीस?”

“नाही.”

“कधीपासून?”

“तुझं घर सोडलं त्या रात्रीपासून.”

“अगं, वेडी आहेस का? आत्ता लावलीस तर थांबेल. नाहीतर चार-पाच वर्षांत होते तिथे जातील सगळे. माझं सगळं काम...”

“जाऊ दे की.”

“नीट दाखव जरा. आ कर.”

मधलीने तोंड मिटून घेतलं, आणि तो जिना उतरून जाईपर्यंत उघडलं नाही.