पेशीबाबांचा नाचरा थेंब

अंगात आलेल्या शेजारणीला माझ्या आजेसासूबाईंनी थंड पाण्याच्या घागरीने शुद्धीवर आणले. सासूबाईंनी गुप्तधनवाल्याकडून आमच्या अंगणात फुकट विहीर खणून घेतली. आणि मी हवेतून राख काढणाऱ्याला आधी बाह्या दुमडायला लावीत असे. आम्हा तिघींनंतर घरात आलेली माझी सून प्रयोगशाळेत पेशी वाढवते.

तरीही त्या सकाळी आम्ही दोघी पेशीबाबांच्या दवाखान्यात बसलो होतो, कारण माझ्या धाकट्या दिरांची पाळी होती. भाऊजी घड्याळे दुरुस्त करतात. त्यांचा एक डोळा गेलेला, दुसरा मंदावत चाललेला. आणि त्या उरलेल्या डोळ्यातच सुई टोचून घ्यायला ते निघाले होते.

दालन खच्चून भरले होते. कोणी गुडघा घेऊन आला होता, कोणी मधुमेह. चहा, दूध, लिंबाच्या फोडी असा ट्रे फिरत होता. टेबलावरच्या नळकांड्यातून पांढरा धूर उसळत होता. पांढऱ्या कोटातल्या पेशीबाबांनी त्यातून इवलीशी बाटली काढली, तेव्हा कित्येकांचे हात आपोआप जोडले गेले.

"ही भ्रूणाची मूळपेशी," ते मधाळ आवाजात म्हणाले. "हिला पत्ता सांगावा लागत नाही. गुडघ्यात सोडा, गुडघा होते. डोळ्यात सोडा, डोळा होते."

"आणि डोक्यात सोडली तर अक्कल येते का?" मी विचारले.

"वहिनी, गप्प बसा हो," भाऊजी कुजबुजले. "काल पडद्यावर पाहिल्यात मी. हलतात त्या."

घड्याळजीच ही चूक करू जाणे. भिंगाखाली हलले ते चालू, थांबले ते बंद, एवढ्यावर त्यांनी हयात काढली होती.

पेशीबाबांची एक रीत होती. काचपट्टीवर थेंब ठेवायचा तो रुग्णाच्या नातलगाने. मायेचा हात लागला की म्हणे पेशी जाग्या होतात. सुनेने अदबीने बाटली घेतली, आमच्याकडे पाठ करून थेंब ठेवला. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर शेकडो गोल कण थरथरू लागले.

"बघा, कशा आतुर झाल्यात," पेशीबाबा म्हणाले. "काकांना ओळखलं त्यांनी."

"ओळखणारच," सून म्हणाली. "काकांनी मघाशी याच दुधाचा चहा घेतलाय."

"म्हणजे?"

"ट्रेमधलं दूध आहे हे. चांगलं उकळलेलं, पाण्यात पातळ केलेलं. तुमची बाटली अजून माझ्या मुठीतच आहे. पाण्याचे रेणू सारखे धावत असतात, ते चहूकडून धक्के देतात म्हणून हे कण थरथरतात. त्यासाठी जिवंत असावं लागत नाही. आणि हा धूर म्हणजे पाण्यात टाकलेला कोरडा बर्फ."

"माझ्या बाटलीत खऱ्या पेशी आहेत, ताई," पेशीबाबा म्हणाले; आवाजातला मध मात्र आटला होता.

मी बाटली घेतली, बशीत रिकामी केली आणि वर लिंबाची फोड पिळली. पाहता पाहता चोथा आणि पाणी वेगळे झाले.

"अगं बाई," मी म्हणाले, "पेशी फाटल्या."

पेशीबाबा दाराकडे सरकले. गुडघेवाल्यांनी दार अडवले. त्यांचे गुडघे एकाएकी बरे झाले होते.

"म्हणजे मूळपेशी ही थापच?" भाऊजींचा चेहरा उतरला.

"थाप नाही, काका. काही दिवसांच्या भ्रूणापासून त्या मिळवतात, आणि शरीरातली कुठलीही पेशी व्हायची ताकद त्यांच्यात असते. धोकाही त्यातच आहे. कच्चीच टोचली तर गाठ होऊ शकते. तसल्या गाठीत केस सापडतात, दातसुद्धा."

"डोळ्यात दात?"

"म्हणून आम्ही त्यांना आठवडेच्या आठवडे डोळ्याच्या पेशी व्हायला शिकवतो. एकही अडाणी राहिली नाही ना, ते तपासतो. मग रुग्णालयात मोजक्या लोकांवर चाचणी होते. काहींना थोडं अधिक दिसलंय, सगळ्यांना नाही. तुमचा डोळा त्यात बसतो का, ते तिथले डॉक्टर सांगतील. तोवर आहे तो सांभाळायचा."

वाचकहो, पांढरा कोट दिसताच जोडलेले हात सोडा आणि विचारा: पुरावा कुठे आहे, तो तपासला कोणी, आणि ज्यांना गुण आला नाही ती माणसे कुठे आहेत?

पायऱ्या उतरताना भाऊजींनी सुनेचा हात घट्ट धरला. "तुझा नवरा लहानपणी तळ्यात बुडत होता. मी केसांना धरून ओढून काढला त्याला. वहिनी तेव्हापासून म्हणतात, हे ऋण फिटायचं नाही. आज तू मला ओढून काढलंस, पोरी."

"तुमच्या डोक्यावर धरायला केस कुठं आहेत, काका? दुधावर भागवलं."

भाऊजी आपल्या टकलावरून हात फिरवीत हसले आणि त्यांनी उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले.

"फिटलं," मी म्हणाले.